आजोबा की चुलत आजोबा? याम्नाया पशुपालकांच्या मुळाचं एक प्रकरण

व्होल्गा नदीच्या उजव्या काठावर, रशियाच्या साराटोव्ह प्रांतात, ख्वालिन्स्क नावाचं लहानसं शहर आहे. त्याच्या जवळ १९७७ साली एक प्राचीन दफनभूमी उकरायला सुरुवात झाली. पहिल्या जागेवर १५८ थडगी निघाली. मग १९८० ते १९८५ दरम्यान शेजारचीच दुसरी जागा खणली, तिथं आणखी ४३. मेलेल्याला पाठीवर निजवलेलं, गुडघे उभे केलेले, हाडांवर गेरूचा लाल रंग. काहींच्या सोबत गाई-मेंढ्यांची आणि घोड्याचीही हाडं. आणि तांबं! साडेतीनशेच्या वर नग, बहुतेक मणी आणि कडी. धातूची तपासणी केली तेव्हा त्यातलं बरंचसं तांबं बाल्कन प्रदेशातलं निघालं. म्हणजे हजाराहून जास्त किलोमीटर हातोहात प्रवास करून ते व्होल्गाकाठी पोचलं होतं. काळ इ.स.पू. ४५०० च्या आसपासचा.

यानंतर हजारेक वर्षांनी त्याच गवताळ मुलखात याम्नाया नावाचे पशुपालक दिसू लागतात. त्यांचेही मृत पाठीवर, गुडघे उभे, गेरू माखलेला. त्यांच्याकडेही गाई, मेंढ्या, घोडे. अनेक पुराविदांनी धागा जोडला, आणि तो जोडण्यात तेव्हा गैर काही नव्हतं. ख्वालिन्स्क हे आजोबा आणि याम्नाया नातवंडं, असं चित्र ठरून गेलं.

ते चुकीचं होतं. दिवाणखान्यात आजोबांच्या जागी चुलत आजोबांचा फोटो लागला होता, आणि तो उतरवायला प्राचीन डीएनए लागला. हा उलगडा कसा झाला, त्यात कुठे फसगत झाली आणि काय अजून हाती लागलेलं नाही, ते इथे मांडतो. मी जनुकशास्त्रज्ञ नाही. पण गेल्या दहा वर्षांत या एका प्रश्नाचं उत्तर निदान तीनदा बदललेलं पाहिलं, आणि उत्तरापेक्षा ते बदलण्याची रीत मला जास्त शिकवून गेली.

खड्ड्यात पुरलेली माणसं

'यामा' म्हणजे रशियन भाषेत खड्डा. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, १९०१ ते १९०३ या वर्षांत, वासिली गोरोद्त्सोव्ह या पुराविदाने आजच्या पूर्व युक्रेनमध्ये इझ्यूम आणि बाखमुत या भागांतली मातीची उंच थडगी खणली. त्या टेकाडांना कुर्गान म्हणतात. आतली दफनं त्याने तीन प्रकारांत लावली: साध्या खड्ड्यातली, बाजूला कोनाडा काढलेली आणि लाकडी चौकटीतली. खड्डेवाली सगळ्यांत जुनी. तेच नाव पुढे एका संस्कृतीला चिकटलं. हे लोक स्वतःला काय म्हणवत होते याचा अर्थातच पत्ता नाही.

काळ साधारण इ.स.पू. ३३०० पासून. इ.स.पू. ३००० पर्यंत त्यांची थडगी पश्चिमेला हंगेरीपासून पूर्वेला कझाकस्तानपर्यंत पसरलेली दिसतात. भरीव चाकांच्या गाड्या होत्या, काही माणसं गाडीसकट पुरलेली आहेत. गावं मात्र जवळजवळ नाहीतच. घर नाही, कोठार नाही, चूल सापडणंही मुश्कील. हे वाचताना मला आपल्याकडचा धनगरांचा वाडा आठवतो. दिवाळीनंतर घाटावरून खाली उतरलेला कळप एखाद्याच्या रानात चार रात्री बसतो, शेतकऱ्याला खत मिळतं, आणि वाडा पुढे सरकतो. पाच हजार वर्षांनी त्या रानात खणणाऱ्याला त्या चार रात्रींचं काय सापडणार? याम्नायांच्या बाबतीत मेलेली माणसंच तेवढी जागेवर राहिली, म्हणून सगळा पुरावा थडग्यांचा.

त्यांचा विस्तार कशाच्या जोरावर झाला, याचं एक ठोस उत्तर दातांवरच्या किटणात सापडलं. २०२१ साली ५६ जणांच्या दातांवरचा हा थर तपासला गेला. त्यात दुधातली प्रथिनं अडकून राहतात. ख्वालिन्स्कसारख्या ताम्रपाषाणयुगीन लोकांत दुधाची खूण जवळपास नव्हती. कांस्ययुगाच्या सुरुवातीच्या १६ जणांपैकी १५ जणांत होती. दोघांच्या दातांवर तर घोडीच्या दुधाचीही. गवत माणसाला खाता येत नाही, पण दुधाच्या वाटेने त्याच्यावर जगता येतं. सोबत गाडी असली की नदीकाठ सोडून आतल्या कोरड्या कुरणात महिनोन् महिने काढता येतात. घोड्यावर बसून युरोप जिंकणाऱ्या टोळीचं चित्र मात्र जरा आवरतं घ्यायला हवं. काही सांगाड्यांवर घोडेस्वारीच्या खुणा असल्याचं २०२३ साली मांडलं गेलं, तरी आजच्या पाळीव घोड्यांचा वंश जगभर झपाट्याने पसरला तो इ.स.पू. २२०० च्या आसपास, म्हणजे याम्नायांची मोठी लाट ओसरल्यावर.

अर्धं-अर्धं

२०१५ च्या जूनमध्ये 'नेचर' नियतकालिकात दोन शोधनिबंध एकाच वेळी आले. एक हार्वर्डच्या डेव्हिड राइश यांच्या गटाचा, दुसरा कोपनहेगनच्या एस्के विलरस्लेव्ह यांच्या गटाचा. पहिल्यात ६९ प्राचीन युरोपीयांचा डीएनए होता, दुसऱ्यात १०१ जणांचा. दोन्हींचा मथितार्थ एकच: इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात स्टेपवरून, म्हणजे त्या गवताळ मुलखातून, मध्य युरोपात मोठं स्थलांतर झालं. जर्मनीतल्या कॉर्डेड वेअर लोकांचा, म्हणजे भांड्यांवर दोरीचे ठसे उमटवणाऱ्यांचा, सुमारे तीन चतुर्थांश वारसा याम्नायांसारख्या लोकांकडून आला होता. मारिया गिंबुटास यांनी १९५६ मध्ये कुर्गानवाल्यांचा सिद्धांत मांडला होता (संस्कृत ते इंग्रजी अशा इंडो-युरोपीय भाषा या स्टेपवासीयांनी पसरवल्या, असा), तो पुन्हा चर्चेत आला.

याम्नाया कुठे गेले ते असं कळलं. पण ते स्वतः आले कुठून?

पहिलं उत्तर सुटसुटीत होतं. निम्मे पूर्व युरोपातल्या शिकारी-संकलकांचे वंशज; ज्यांचे नमुने रशियाच्या कारेलिया आणि समारा भागात मिळाले होते. उरलेले निम्मे दक्षिणेकडच्या कुणाचे तरी. २०१५ च्याच शेवटी जॉर्जियातल्या सात्सुर्ब्लिया आणि कोतियास क्ल्दे या दोन ठिकाणच्या प्राचीन माणसांचा जनुकसंच वाचला गेला, एक तेरा हजारांहून जास्त वर्षं जुना, दुसरा सुमारे ९७०० वर्षं. दक्षिणेकडचा तो 'कुणी तरी' त्यांच्या जातकुळीतला निघाला: कॉकेशसचे, म्हणजे काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामधल्या डोंगरांतले शिकारी.

ख्वालिन्स्कच्या सांगाड्यांतही हेच दोन घटक मिळाले. झालं, आजोबांच्या फोटोला डीएनएचा हार चढला. उत्तरेचे शिकारी, त्यांच्यात मिसळलेलं कॉकेशसचं रक्त, जागा व्होल्गा, दफनाची पद्धत तीच. आणखी काय हवं?

दुसरे दावेदार होते मायकोप. कॉकेशसच्या उत्तर पायथ्याशी १८९७ साली निकोलाय वेसेलोव्स्की यांनी एक कुर्गान उघडला, त्यात सोन्या-चांदीचा खजिनाच होता. मायकोपवाल्यांकडे धातुकाम होतं, मेसोपोटेमियाच्या बाजूचे संबंध होते, आणि ते याम्नायांच्या थोडे आधीचे, अगदी शेजारचे. गाड्या, धातू आणि कुर्गानचा थाट यांनीच शिकवला, आणि सोबत रक्तही यांचंच आलं, असं म्हणणारे बरेच होते. २०१९ मध्ये कॉकेशसच्या प्राचीन डीएनएवर मोठं काम झालं तेव्हा हा दावा बराच ढिला पडला. डोंगराच्या कुशीतले मायकोप दक्षिणेकडचे निघाले. त्यांच्या उत्तरेला स्टेपवर मायकोपसारखी भांडी वापरणारे जे लोक होते, त्यांच्यात सायबेरियाच्या बाजूचा एक अनपेक्षित वारसा होता, जो याम्नायांत नाही. म्हणजे वस्तू शेजाऱ्याच्या घरातून आल्या असतील, पण सून-जावई फारसे आले-गेले नाहीत.

त्याच अभ्यासात पायथ्याजवळच्या प्रोग्रेस-२ आणि वोन्युच्का इथले काही जुने सांगाडे होते, इ.स.पू. पाचव्या सहस्रकातले. ते मात्र याम्नायांच्या खूप जवळचे वाटले. तेव्हा त्यांच्याकडे थोडं दुर्लक्षच झालं. आज मागे वळून पाहिलं तर खरा दुवा तिथेच होता.

दगडफूल

इथे रीतीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

प्राचीन सांगाड्यातून डीएनए काढायला सगळ्यांत भरवशाची जागा म्हणजे आतल्या कानाभोवतीचं घट्ट हाड. मिळालेला डीएनए तुकड्या-तुकड्यांचा, टोकांशी कुजलेला असतो. त्या कुजण्याचा ठरावीक नमुना हीच तो खरोखर जुना असल्याची खूण. मग जनुकसंचातल्या सुमारे १२ लाख ठरावीक जागा वाचायच्या, आणि 'क' लोकसमूह हा 'ख' आणि 'ग' यांच्या मिश्रणातून होऊ शकतो का, हे संख्याशास्त्राला विचारायचं. त्याचं 'हो' फारसं कामाचं नसतं. अनेक जोड्यांना ते 'हो' म्हणतं. त्याचं 'नाही' मोलाचं.

दोन घरांचा गोडा मसाला चाखून पाहा. धणे, खोबरं, तीळ दोन्हींत आहे, चव जवळपास सारखी, म्हणून एका घराने दुसऱ्याकडून कृती उचलली असं वाटेल. पण एकात दगडफूल आहे आणि दुसऱ्यात त्याचा पत्ता नाही, तर ज्यात नाही त्या डब्यातून तो मसाला आलाच नाही. मुख्य जिन्नस सारखे असण्याला तिथे काही किंमत उरत नाही.

याम्नायांच्या बाबतीत दगडफुलं दोन निघाली. एक, आनातोलियाच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) प्राचीन शेतकऱ्यांशी नातं सांगणारा छोटा अंश. दुसरं, पश्चिमेकडच्या, म्हणजे युक्रेनमधल्या नीपर नदीच्या खोऱ्यातल्या शिकाऱ्यांचा वारसा. व्होल्गाच्या वरच्या अंगाचे शिकारी आणि नीपरचे शिकारी एकमेकांचे दूरचे भाऊबंद, पण सारखे नाहीत. ख्वालिन्स्कच्या लोकांत व्होल्गाचे शिकारी मिसळलेले होते, याम्नायांत नीपरचे. प्रमाणं कितीही जुळवली तरी ख्वालिन्स्कमधून याम्नाया निघत नाहीत.

पुरुषवंशाच्या, म्हणजे डीएनएतल्या बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या खुणाही तेच सांगत होत्या. ख्वालिन्स्कच्या पुरुषांत तीन-चार वेगवेगळे वंश एकत्र नांदताना दिसतात. याम्नायांच्या बहुसंख्य पुरुषांत एकच शाखा, आर१बी-झेड२१०३. एवढा एकसुरीपणा फार कमी घराण्यांतून सुरुवात झाल्याशिवाय येत नाही.

माशांनी केलेला घोळ

काळाचा प्रश्न निराळाच होता, आणि मला तो या प्रकरणातला सगळ्यांत गमतीदार भाग वाटतो.

हाडाचं वय कार्बन-१४ वरून काढतात. जिवंतपणी खाल्लेल्या अन्नातून हा कार्बन शरीरात येतो, मेल्यावर तो ठरावीक वेगाने घटत जातो. यात गृहीत काय? की अन्नातला कार्बन हवेतून ताजा आलेला आहे. गवत खाणाऱ्या मेंढीला हे लागू होतं. पण नदीच्या पाण्यात जुन्या चुनखडीतून विरघळलेला, केव्हाच 'मेलेला', म्हणजे कार्बन-१४ संपलेला, कार्बन असतो. तो शेवाळात जातो, शेवाळातून माशात, माशातून माणसात. असा माणूस मेल्या दिवशीच प्रयोगशाळेला काही शतकं जुना दिसतो.

व्होल्गाकाठचे लोक मासे भरपूर खात. ख्वालिन्स्कमध्ये माणसाची हाडं आणि त्याच्याच सोबतच्या गवतखाऊ जनावराची हाडं यांचे काळ जुळेनात, माणूस जुना निघायचा. दुरुस्ती करून दफनभूमीचा काळ इ.स.पू. ४५०० ते ४३५० च्या आसपास आला. कोण आधी आणि कोण नंतर यावर सगळी वंशावळ उभी असताना काही शतकांची चूक म्हणजे नातू आजोबांच्या आधी जन्मला, असं लिहिण्यासारखं. कॅस्पियन स्टेपवर हा परिणाम मोजण्याचं चिकाटीचं काम मॉस्कोच्या नतालिया शिश्लिना आणि इतरांनी बरीच वर्षं केलं. अशा कामाच्या बातम्या होत नाहीत.

तीन उतार आणि एक माणूस

२०२४ च्या जानेवारीत कोपनहेगनच्या गटाने बोट दाखवलं ते डॉन नदीच्या मधल्या टप्प्याकडे. तिथल्या गोलुबाया क्रिनित्सा इथल्या शिकाऱ्यांमध्ये याम्नायांना लागणारा वारसा त्यांना दिसला. म्हणजे व्होल्गाच्या पश्चिमेला. मग ५ फेब्रुवारी २०२५ रोजी 'नेचर'मध्ये राइश यांच्या गटाकडून दोन निबंध सोबत आले. एकाचे पहिले लेखक योसिफ लाझारिडिस, भर व्होल्गा आणि कॉकेशसवर. दुसऱ्याचे अलेक्सी निकितिन, भर युक्रेनवर. पहिल्यासाठी ४२८ प्राचीन व्यक्तींचा डीएनए जमवला होता.

त्यांनी मांडलेलं चित्र असं. याम्नायांच्या आधीचे लोक वेगवेगळ्या खोक्यांत बसत नाहीत, ते उतारांवर बसतात. डोंगराच्या एका टोकाला एक रंग, दुसऱ्या टोकाला दुसरा, मधे सगळ्या छटा. असे तीन उतार.

पहिला कॉकेशस ते खालची व्होल्गा. दक्षिण टोकाला कॉकेशसपलीकडचे नवाश्मयुगीन शेतकरी, उत्तर टोकाला व्होल्गाकाठचं बेरेझ्नोव्का. प्रोग्रेस-२ ची ती दुर्लक्षित माणसं याच उताराच्या उत्तर बाजूची. दोन्हीकडून ये-जा होती. मायकोप आणि स्टेपवरचं रेमोन्तनोये ही त्या मधल्या छटांची उदाहरणं.

दुसरा उतार, याच लोकांपैकी काही व्होल्गाने वर सरकले आणि तिथल्या शिकाऱ्यांत मिसळले त्यातून झाला. ख्वालिन्स्क यावर बसतं, आणि तिथल्या दोन शेजारच्या थडग्यांतही कमालीचा फरक सापडतो.

तिसरा पश्चिमेकडे गेला. पहिल्या उताराचे लोक डॉन आणि नीपरच्या खोऱ्यांत पोचले, तिथल्या शिकाऱ्यांत मिसळले, आणि सेरेदनी स्तिह नावाने ओळखले जाणारे समूह तयार झाले. (नाव झापोरिझ्झ्याजवळच्या नीपरमधल्या एका खडकाळ बेटावरून पडलं, अर्थ 'मधली गंजी', आपण गवताची गंजी म्हणतो तीच.) याम्नायांचे पूर्वज या तिसऱ्या उतारावर, इ.स.पू. ४००० च्या सुमाराला घडले. त्यांचा सुमारे चार पंचमांश वारसा पहिल्या उताराच्या लोकांकडून आलेला.

म्हणजे ख्वालिन्स्क आणि याम्नाया यांचे पणजोबा एकच; एक भाऊ नदीने वर गेला, दुसरा मावळतीकडे. थडग्यातली सारखी रीत दोघांनी बहुधा त्या पणजोबांकडूनच घेतलेली. पुराविदांना दिसलेलं साम्य खोटं नव्हतं. नातं एक पायरी चुकलं होतं.

युक्रेनच्या निबंधातली एक व्यक्ती माझ्या मनात घर करून आहे. खेरसोन प्रांतात मिखाइलिव्का नावाचं स्थळ आहे, १९५० च्या दशकात खणलेलं. तिथं एकावर एक तीन थर आहेत आणि वरच्या थरात याम्नायांची चक्क वस्ती, दगडी भिंतींसकट. वस्ती न करणाऱ्या लोकांची वस्ती, म्हणून ते आधीपासून प्रसिद्ध. तिथल्या एका सांगाड्याचा काळ इ.स.पू. ३६३५ ते ३३८३ दरम्यान आला आणि त्याचा जनुकसंच पुढच्या याम्नायांशी जुळला. एका सांगाड्यावर किती भार टाकायचा हा प्रश्न रास्त आहे. तरीही याम्नायांचं जन्मस्थान खालच्या नीपरच्या आसपास असावं, या अंदाजाला तो सध्याचा सगळ्यांत जवळचा साक्षीदार.

जनुकीय आकडेमोड सांगते की इ.स.पू. ३७५० ते ३३५० दरम्यान कधी तरी ही लोकसंख्या झपाट्याने वाढू लागली, आणि वाढीपूर्वी ती फारच लहान होती, काही हजारांच्या घरात. म्हणजे एखाद्या तालुक्यातली पाच-सहा गावं. त्यांची मुलंबाळं तीन-चार शतकांत हंगेरीपासून अल्ताय पर्वतापर्यंत पोचली.

अल्तायमधले लोक पुरातत्त्वात अफानासिएव्हो या वेगळ्या नावाने ओळखले जातात. याम्नायांपासून हजारो किलोमीटर दूर, भांडी थोडी वेगळी, म्हणून नावही वेगळं. डीएनएत मात्र त्यांना याम्नायांपासून वेगळं काढता येत नाही. २०२३ च्या अखेरीस लाइपझिगच्या हाराल्ड रिंगबावर आणि सहकाऱ्यांनी जनुकसंचातले लांबच लांब सामायिक तुकडे शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात अफानासिएव्होचे दोघे सापडले: एक मध्य मंगोलियात पुरलेला, दुसरा दक्षिण रशियात, मधे १४१० किलोमीटर. नातं पाचव्या पायरीचं, म्हणजे दोघांचे पणजोबा एक असावेत इतकं जवळचं. आमच्या गावी बैलावर बसून हेळवी यायचे आणि कुठल्या कुठे गेलेल्या भावकीची नावं घडाघडा म्हणायचे. त्यांनाही एवढा पल्ला कधी पडला नसेल.

संस्कृती आणि माणसं

इथे एक खड्डा आहे, आणि त्यात युरोपचं पुरातत्त्व एकदा पडलेलं आहे. गुस्टाफ कोसिन्ना हा जर्मन पुराविद म्हणायचा की विशिष्ट भांडी म्हणजे विशिष्ट लोक, आणि विशिष्ट लोक म्हणजे विशिष्ट वंश. तो १९३१ मध्ये वारला. त्याच्या कल्पना नाझींनी उचलल्या. २०१५ नंतर 'याम्नाया वंशाचे लोक आले' अशी वाक्यं छापून येऊ लागली तेव्हा अनेक पुराविद धास्तावले, ते यामुळे. मला त्यांची धास्ती बरोबर वाटते, तिच्यापायी पुरावा नाकारणं बरोबर वाटत नाही. याच प्रकरणात दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. अफानासिएव्होत भांडी वेगळी आणि माणसं तीच. स्टेपवरच्या मायकोपांत भांडी शेजाऱ्यांसारखी आणि माणसं भलतीच. पश्चिम चीनमधल्या तारिम खोऱ्यातल्या ममींना तर वर्षानुवर्षं पश्चिमेकडून आलेले स्टेपवासी मानलं जात होतं. २०२१ मध्ये त्यांतल्या १३ जणांचा डीएनए वाचला तेव्हा ते त्याच भागातल्या फार जुन्या, बाहेरच्यांत न मिसळलेल्या लोकांचे वंशज निघाले. पशुपालन आणि दूध त्यांनी शेजाऱ्यांकडून घेतलं, सोयरीक केली नाही.

आणि भाषा? हाडाला भाषा नसते. लाझारिडिस यांचा निबंध म्हणतो की हित्ती भाषा बोलणाऱ्या मध्य आनातोलियातल्या कांस्ययुगीन लोकांत कॉकेशस-व्होल्गा उताराचा निदान एक दशांश वारसा आहे, म्हणून हित्ती आणि बाकी इंडो-युरोपीय भाषांची सामायिक आई इ.स.पू. ४४०० ते ४००० दरम्यान त्या उतारावर बोलली जात असावी. तर्क सुबक आहे. पण याच गटाने २०२२ मध्ये ते मूळस्थान कॉकेशसच्या दक्षिणेला असल्याकडे कल दाखवला होता, आणि २०२३ मध्ये पॉल हेगार्टी व सहकाऱ्यांनी १६१ भाषांच्या शब्दांवरून गणित मांडून मूळ सुमारे ८१०० वर्षांपूर्वी, तेही कॉकेशसच्या दक्षिणेला ठेवलं. वंशाबद्दल मी २०२५ च्या चित्रावर बराच विश्वास ठेवीन, भाषेबद्दल थोडा हात राखून.

आपल्याकडे हा विषय निघाला की चर्चा पाच मिनिटांत आर्यांवर येते, म्हणून एवढंच. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये राखीगढीच्या एका हडप्पाकालीन स्त्रीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्याचे पहिले लेखक होते. ६१ नमुने तपासले, एकच वाचता आला. आपल्या उष्ण हवेत डीएनए टिकत नाही. तिच्यात स्टेपचा वारसा नव्हता. त्याच दिवसांत आलेल्या ५२३ प्राचीन व्यक्तींच्या अभ्यासाने स्टेपचा वारसा इ.स.पू. २००० ते १५०० दरम्यान दक्षिण आशियात आल्याचं मांडलं. पण ज्यांनी तो आणला ते याम्नाया नव्हते. याम्नायांचे वंशज आधी युरोपात गेले, तिथल्या शेतकऱ्यांत मिसळले, त्यांच्यातले काही परत पूर्वेला उरलपर्यंत आले, आणि त्या सिंताश्तासारख्या समूहांची पुढची पिढी दक्षिणेकडे सरकली. वर्तमानपत्रांत 'याम्नाया भारतात आले' असा मथळा दिसला की मला पुन्हा तो चुकीच्या जागी लावलेला फोटो आठवतो.

आता उरलेलं भगदाड. इ.स.पू. ४००० ला सेरेदनी स्तिहचे लोक, आणि ३६३५ नंतर कधी तरी मिखाइलिव्काचा तो एकटा माणूस. मधल्या काही शतकांत त्या मूठभर घराण्यांनी असं काय केलं की ती एकाएकी वाढली? गाडी त्यांनी केली की कुणाकडून घेतली? आर१बी-झेड२१०३ चा पहिला पुरुष कुठे पुरला आहे? हे सांगणारी थडगी असलीच तर खालच्या नीपरच्या दोन्ही काठांवर, खेरसोन आणि झापोरिझ्झ्याच्या सपाट मैदानांत असतील. त्या सपाटीवर उंचवटा म्हणून जे काही आहे ते बहुतेक कुर्गानच. २०२२ पासून तिथं युद्ध चालू आहे, आणि सैन्याला टेहळणीला, तोफा लावायला उंच जागा लागते. त्यामुळे काही कुर्गान आता खणले जात आहेत ते खंदकांसाठी.